मिठाच्या पाण्यातली बरणी

माझा विषय आईला चारचौघींत सांगता यायचा नाही. अकोल्याला हळदीकुंकवाला कुणी विचारलं, "लेक काय करते हो अमरावतीले?" की ती म्हणायची, "रक्तबिक्त तपासते." रक्ताशी माझा काडीचा संबंध नव्हता. मी बायकांच्या स्तनातल्या गाठी तपासत होते, आणि त्यासुद्धा कॅन्सर आहे की नाही हे पाहायला नव्हे. ते आधीच ठरलेलं असायचं. त्या कॅन्सरच्या पेशींना इस्ट्रोजेन लागतं की नाही, एवढंच मी बघायची. एकदा आईला समोर बसवून सगळं नीट समजावलं, तर म्हणाली, "एवढ्यासाठी डॉक्टर झालीस होय? बरं, पाहुणे येतील तेव्हा बोलू नकोस."

इस्ट्रोजेन म्हणजे बाईच्या शरीराला बाईपण देणारं द्रव्य. ते रक्तातून फिरतं. काही गाठींच्या पेशींत त्याला बसायला जागा असते, तिला रिसेप्टर म्हणतात. तिथं ते जाऊन बसलं की पेशीला हुकूम मिळतो, वाढ. काही गाठींमध्ये ही जागाच नसते, त्या आपल्या जोरावर वाढतात. जागा असेल तर टॅमॉक्सिफेन नावाची एक साधी गोळी चालते. ती रोज घ्यायची, वर्षानुवर्षं. जागा नसेल तर ती गोळी दिली काय नि न दिली काय. म्हणून आधी काचेवर गाठीचा पातळ काप घेऊन रंगवायचा. जागा असली की पेशी तपकिरी दिसतात. नसली की फिकट निळसर राहतात, तिला आम्ही आपसात पांढरी काच म्हणायचो.

आमची लॅब राजापेठेत, एका ट्यूशन क्लासच्या माडीवर. जिन्यात पोरांच्या सायकली आडव्या पडलेल्या असत, खालून त्रिकोणमिती ऐकू येई. लोडशेडिंगचे दिवस होते. रंगाचं औषध भयंकर महाग आणि थंडच ठेवावं लागे, म्हणून दिवे गेले की खालच्या लस्सीवाल्याकडून बर्फ आणून मी त्या कुप्या थर्मासमध्ये घालून बसायची. रंगवण्याआधी काचा उकळाव्या लागतात, त्यासाठी आईचा जुना कुकर आणला होता. त्यात काय शिजतं हे कळल्यावर तिनं तो पुन्हा कधी मागितला नाही.

आमच्याकडे पांढऱ्या काचा फार यायच्या. सर, म्हणजे लॅबचे मालक आणि माझे मार्गदर्शक, यांना त्याचं नवल वाटत नसे. "आपल्या बायकांचा आजारच तसा आहे," ते म्हणत. "तरुण वयात होतो, दणक्यात वाढतो, गोळीला दाद देत नाही." हे ते इतक्या शांतपणे म्हणत, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. सर वाईट नव्हते. पण आपल्या बायकांबद्दल असलं काही इतक्या आरामात कुणी बोललं की मला आधी राग येतो आणि मग मी कारणं शोधते. माझा संशय गाठींवर नव्हता, बरण्यांवर होता.

कापलेला तुकडा लगेच फॉर्मलिनच्या पाण्यात पडला नाही, तर तो आतून नासायला लागतो. कॅन्सर तरीही ओळखू येतो, पण रिसेप्टर आधी मरतो. आणि आमच्याकडे तुकडा यायचा कसा? ऑपरेशन झालं की डॉक्टर बरणी नातेवाइकाच्या हातात देणार आणि म्हणणार, "अमरावतीला नेऊन द्या." नवरा, भाऊ, दीर, जो कुणी मोकळा असेल तो ती पिशवीत घालून एसटीत बसणार. सगळीकडे हीच रीत होती. कुणाला त्यात वावगं वाटत नसे. मलाही आधी वाटलं नव्हतं.

म्हणून मी जुन्या पांढऱ्या काचा पुन्हा रंगवायला घेतल्या. त्यातच अंजनगाव सुर्जीच्या एका बाईची काच आली. चाळिशीही न गाठलेली बाई. उन्हाळ्यात अकोल्याला ऑपरेशन झालेलं, आमच्याच लॅबचा रिपोर्ट होता, रिसेप्टर नाही. म्हणजे गोळी नाही. मी काच पुन्हा रंगवली, पुन्हा पांढरी. पण या वेळी मी कॅन्सर सोडून शेजारी पाहिलं. काठाला तिच्या दुधाच्या निरोगी नळ्या होत्या. त्या नळ्यांत थोड्यातरी पेशी तपकिरी दिसायलाच हव्यात, निरोगी बाईच्याही दिसतात. इथं एकही नव्हती. माझे वडील अकोल्याच्या कोर्टात वकिली करत. ते म्हणत, साक्षीदार बोलतच नसेल तर त्याचं मौन आरोपीच्या माथी मारू नये. इथं तेच झालं होतं. काच नाही म्हणत नव्हती, ती मुकी होती, आणि आम्ही तिच्या नावावर "नाही" लिहून मोकळे झालो होतो.

तोवर दिवाळी तोंडावर आली होती. उन्हाळ्यापासून ती बाई गोळीवाचून होती.

सरांना सांगण्याआधी मला त्या बरणीचं काय झालं ते कळायला हवं होतं. मी अंजनगावची गाडी पकडली.

बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं गादी-रजईचं दुकान होतं. पुढे कापूस पिंजायचं मशीन, मागे घर. मशीन बंदच होतं. "पहिले लग्नसराईत सुईले फुरसत नसे," मालक म्हणाला. "आता कापूस पिकवणाराच रजई शिवत नाई. फोमची गादी नेते, नाई तं तेबी नाई." त्याची बायको, म्हणजे जिची काच मी पाहिली होती ती, आत भाकरी थापत होती. तिला सगळे भाभी म्हणत, मीही म्हणू लागले. रजईला टाके घालत बसलेली दुसरी बाई मालकाची थोरली बहीण होती. नवरा गेल्यावर भावाकडे परत आलेली. ती सगळ्या गल्लीची आपा. अकोल्याहून बरणी आणली होती ती आपानंच.

आपाला गोष्ट सांगायला आवडायची. सुई गादीत टोचून ठेवून तिनं हात मोकळे केले.

"शनवार होता, डॉक्टरबाई. दवाखान्यातून बरणी देल्ली, अन् मी गाडीत बसली. मूर्तिजापूर येत नाई तं झाकन ढिल्लं झालं. सगळं पानी पिशवीतून खाली. अस्सा वास, का लोकायच्या डोयातून पानी! कंडक्टर म्हने, बुढे, उतर खाली. मी स्टँडवर उतरली. आता काय करू? ऊन तं असं, का जीव जाय. मंग मले सुचलं."

"काय सुचलं?"

"मीठ." आपा हसली. "दुकानातून खड्याचं मीठ घेतलं, नळाचं पानी घेतलं, बरणी गच्च भरली. वरून फडकं बांधलं. मंग दुसऱ्या गाडीनं आली. तुमचं लॅब बंद झालं होतं, दुसऱ्या दिवशी इतवार. भाच्याच्या घरी थांबली अन् सोमवारी देल्ली. पन खराब नाई होऊ देल्लं."

मी विचारलं, "मीठच का पण?"

तिला माझ्या अडाणीपणाचं आश्चर्य वाटलं. शेजारच्या घरातला मुलगा आदल्या पावसाळ्यात फवारणीचं औषध पिऊन गेला होता. त्याच्या आईसोबत आपा सरकारी दवाखान्यात थांबली होती. पोस्टमॉर्टेमनंतर पोराच्या आतड्या-काळजाचे तुकडे बरण्यांत भरताना तिनं पाहिलं. मीठ कायले म्हणून विचारलं, तर तिथला माणूस म्हणाला, विषाची तपासणी करायले दूर जाते, मिठाच्या पान्यात टिकते.

"त्या सालात अशा किती बरण्या गेल्या, बाई," आपा म्हणाली. "आता तं आमच्या गल्लीतल्या लेकराले बी ठावं हाय, तपासाले जाते थे मिठाच्या पान्यात जाते."

तिचं एका अक्षरानं चुकलं नव्हतं. विष शोधायचं तर मिठाचंच पाणी लागतं. फॉर्मलिन तिथं चालत नाही. वऱ्हाडाबाहेरच्या कुठल्या गादी शिवणाऱ्या बाईला हे ठाऊक असतं? त्या वर्षांनी ते इथल्या घराघरात शिकवून ठेवलं होतं, आणि आपानं शिकलेलं वापरलं. मीठ विषाला जपतं. रिसेप्टरला जपत नाही.

मी तिच्याकडे पाहायचं टाळलं असणार. आपानं सुई उचलली, पण टाका घातला नाही.

"मीठ टाकायचं नव्हतं का?"

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, आपा."

"मी इचारलं थे सांगा."

"नव्हतं टाकायचं."

मग मी समजावायला बसले. रिसेप्टर, इस्ट्रोजेन, सगळं त्यांच्यापुढे सांगताना माझी जीभ अडखळायला लागली, तेव्हा एसटीच मदतीला आली. म्हटलं, गाडी स्टँडवर लागली की आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो ना? सीट धरली जाते, मागून येणारा उभाच राहतो. ही गोळी म्हणजे तो रुमाल. ती जाऊन जागा धरते, मग इस्ट्रोजेनला बसता येत नाही. गाठीत सीट असेल तरच रुमालाचा उपयोग. भाभीच्या गाठीत सीट होती की नव्हती, हे आता त्या बरणीतून कळणार नाही.

भाभी दारात पीठ भरल्या हातांनी उभी राहून ऐकत होती. "मंग टाकू नं रुमाल," ती म्हणाली. "सीट असन तं भेटन."

ते ऐकून मला इतकं बरं वाटलं, की परतीच्या गाडीत मी सरांशी करायच्या भांडणाची तयारी करत आले. भांडण झालंच. सर म्हणाले, दिलेला रिपोर्ट बदलला तर लोक काय म्हणतील? मी म्हटलं, मुकी काच "नाही" म्हणते असं लिहिलं तर ती बाई काय म्हणेल? दोन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त कामापुरतं बोललो. शेवटी त्यांनी स्वतः काच भिंगाखाली घातली, त्या नळ्या बराच वेळ पाहिल्या आणि नवा रिपोर्ट सही करून माझ्यापुढे सरकवला. "रिसेप्टर आहे की नाही, सांगता येत नाही." असं असलं की गोळी द्यायची पद्धत होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी ती सुरू केली.

गोळीचा ताबा आपानं घेतला. पहाटेची नमाज झाली की चहाच्या आधी भाभीच्या तळहातावर गोळी. गिळल्यावर तोंड उघडून दाखवायचं. भाभीला त्या गोळीनं अंगातून वाफा यायच्या, ऐन थंडीत ती पदरानं वारा घेत बसायची. एकदा तिनं गोळ्या रजईच्या कापसात दडवल्या, त्या आपाला टाके घालताना सापडल्या. आपानं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं तिला झापलं. मी अंजनगावला गेले की भाभी तक्रार करायची, "पाहा न डॉक्टरबाई, सासू नाई तं नणद सासू होऊन बसली." आणि दोघी हसायच्या. पण भाभी आत गेली की आपा हळूच विचारायची, "उन्हायापासून दिवाळीपावतो गोळी नव्हती. थ्यानं काई होईन का?"

"बहुतेक नाही होणार," मी म्हणायची. बहुतेक हा शब्द तिला आवडायचा नाही.

अशी तीनेक वर्षं गेली. माझं संशोधन पुढे सरकलं. अंजनगाव, भातकुली, कुठं कुठं जाऊन मी डॉक्टरांना फॉर्मलिनच्या घट्ट झाकणाच्या बरण्या वाटत होते, आणि नीट आलेल्या बरण्यांतून तपकिरी काचाही दिसायला लागल्या होत्या. मी मनातून फुशारले होते. मग एका हिवाळ्यात आपा भाभीला घेऊन राजापेठेचा जिना चढून आली. भाभीच्या मानेत, गळ्याच्या हाडाच्या वर, हरभऱ्याएवढी गाठ होती.

आपानं भाभीसमोर काही विचारलं नाही. फक्त माझ्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत ते उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंतचे महिने मला स्पष्ट दिसत होते.

या वेळी बरणी मी कुणाच्या हाती दिली नाही. स्वतः अकोल्याला गेले, ऑपरेशनच्या टेबलाशी उभी राहिले, गाठ निघाल्या निघाल्या कापून फॉर्मलिनमध्ये टाकली आणि बरणी मांडीवर घेऊन परत आले. आपा शेजारच्या सीटवर होती. मूर्तिजापूर आलं तेव्हा तिनं हात पुढे करून झाकण दाबून पाहिलं.

काच रंगवली त्या दिवशी दिवे दोनदा गेले. मानेच्या गाठीत दुधाच्या नळ्या नसतात, म्हणून मी तिच्या काचेसोबत दुसऱ्या बाईची, नक्की तपकिरी येणारी काच ठेवली होती. ती छान तपकिरी आली. भाभीची पांढरी. या वेळी साक्षीदार बोलला होता. रिसेप्टर नव्हता.

मला आनंद झाला. आज लिहितानाही तो शब्द टोचतो, पण आनंदच झाला. भाभीसाठी ही बातमी वाईटच होती; गोळी संपली, आता फक्त इंजेक्शनं, आणि ती किती साथ देतील हे मला ठाऊक होतं. पण आपासाठी ही सुटका होती. आजाराला सीटच नव्हती, तर गोळी उशिरा सुरू झाली काय नि लवकर काय. तिच्या मिठानं कुणाचं काही बिघडलं नव्हतं. एवढी वर्षं ती उरावर जो धोंडा घेऊन फिरत होती तो मी आता एका वाक्यात उतरवणार होते.

मी तिला जिन्यात गाठलं. भाभी वर बाकावर बसली होती. खाली क्लास सुटत होता, पोरं सायकली ओढत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आपा, त्या मिठाचं आता मनात ठेवू नका. सीटच नव्हती."

आपानं भिंतीला हात टेकला.

"सीटच नव्हती," ती म्हणाली. "मंग मी रोज सकायी रुमाल कुठं टाकत होती, डॉक्टरबाई? थ्या वाफा, थो तरास, तिले मी शिव्या देल्ल्या, तोंड उघडाले लावलं. सगळं फुकट?"

याचा मी विचारच केला नव्हता. तिला सोडवायला मी जे आणलं होतं, त्यानंच तिच्या हातून तीन वर्षांच्या सकाळी काढून घेतल्या होत्या. मला रडू आलं आणि स्वतःचा संतापही आला. मग मी तिला तेही सांगितलं, जे सांगणार नव्हते. म्हटलं, आजार परत येतो तेव्हा कधीकधी स्वभाव बदलून येतो. पहिल्या गाठीत सीट असेलही. गोळीनं तो आजार इतके दिवस दाबून धरला असेल, आणि जो वाचला तो बिनसीटचा वाढला असेल. असं होतं.

"म्हंजे गोळी लागू पडली असन?"

"असेल."

"तं मंग उन्हायापासून दिवाळीपावतो थांबली, थ्यानं नुकसान झालं असन."

"तेही असेल," मी म्हटलं. "खरं काय ते कळायला पहिली बरणी नीट हवी होती. आता कुणालाच कळणार नाही."

पोरं निघून गेली. जिना रिकामा झाला. आपानं ओढणीनं तोंड पुसलं, डोकं झाकून घेतलं.

"मंग असं करा," ती म्हणाली. "माह्यं मीठ माह्यावरच राहू द्या. मले थे वागवता येते. पन गोळ्या फुकट गेल्या असं तिले सांगू नोका."

आम्ही वर गेलो. भाभी बाकावर पाय वर घेऊन बसली होती, मानेला पट्टी. मी सांगितलं की ती गोळी आता बंद, आता इंजेक्शनं. तिनं मान डोलावली. मग विचारलं, "पन इतके दिवस धरून ठेवलं नं तिनं मले? आपाच्या हातच्या गोळीनं?"

आपा खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"हो," मी म्हटलं. "धरून ठेवलं."

"पाहा," भाभी तिला म्हणाली, "अन् मी तुमाले किती बोलली." आपा वळली नाही. खाली वाकली, भाभीच्या चपला शोधल्या आणि तिच्या पायांसमोर सरळ करून ठेवल्या.